ओसरीवरचा कंदील

गोष्ट संपली म्हणजे लहान मुलें विचारतात, "मग पुढें काय झालें?" मोठीं माणसें विचारतात, "पण तें होतें तरी काय?" पहिल्या प्रश्नाला उत्तर देणें हें गोष्ट सांगणाराचें कर्तव्यच आहे. दुसऱ्या प्रश्नाला उत्तर द्यावें कीं देऊं नये, याविषयीं गेल्या हिंवाळ्यांत आमच्या घरीं मोठा वाद माजला. आणि त्या वादांत आपला पक्ष कोणता हें ठरवितांना आम्हांला आपल्या बाळपणींच्या एका रात्रीकडे पुनः वळावें लागलें.

वादाचें निमित्त अगदीं साधें. नाताळच्या सुटींत आमचा पुतण्या व भाची गोंदियास आमच्याकडे आलीं होतीं. दोघांनीं मिळून 'तुंबाड' हा चित्रपट पाहिला आणि आम्हांलाहि बळेंच बसविलें. पुतण्या यंत्रविद्येचा विद्यार्थी. त्याला चित्रपट फार आवडला, आणि कां आवडला तें त्यानें लागलीच सांगितलें. हस्तर कोण, त्याला शाप कोणता, तो कशाला भुलतो आणि कशाला भितो, या सगळ्याचा हिशेब त्या चित्रपटांत चोख लागतो, असें त्याचें म्हणणें. भाची थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "पण मला भीति वाटली ती फक्त त्या आजीच्या खोलीपर्यंत. हिशेब लागला आणि भीति गेली."

आमच्या मतें दोघेंहि खरें बोलत होतीं. त्या चित्रपटाच्या पहिल्या भागांत एक लहान मुलगा रात्रीं पडक्या घरांत एकटा राहतो, आणि आंतल्या खोलींत कोंडलेल्या म्हाताऱ्या आजीला जेवूं घालण्याचें काम त्याच्यावर येऊन पडतें. ती आजी काय आहे तें त्याला ठाऊक नाहीं, आपल्यालाहि नाहीं. पुढें सारें कळतें. कळल्यावर कथा लोभाची होते, आणि लोभाची कथा म्हणून ती फार चांगली आहे. पण तिच्यांतलें भय त्या बंद दाराच्या आडच राहून जातें.

ह्या चित्रपटाची आमच्या जिल्ह्याशीं एक गांठ आहे. त्याचे दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांनीं सांगितलें आहे कीं, त्याचें बीज आपल्या मनांत १९९३ सालीं नागझिऱ्याच्या अरण्यांत पडलें. तेथें एका मित्रानें त्यांना नारायण धारपांची एक कथा तोंडीं सांगितली. चित्रपट प्रसिद्ध झाला तो २०१८ च्या ऑक्टोबरांत. म्हणजे रानांत ऐकलेली एक गोष्ट एका माणसाच्या मनांत पंचवीस वर्षें राहिली. इतकीं वर्षें मनांत काय राहतें? आमचा अनुभव असा कीं, खुलासा राहत नाहीं. एखादें दार राहतें, एखादा आवाज राहतो, कोणाची तरी न फिरलेली पाठ राहते.

आणि नागझिरा म्हणजे अशी गोष्ट ऐकण्याचें खरें स्थान. १९७० सालीं तें अभयारण्य झालें. त्या वेळीं, आणि १९९३ सालींहि, तें भंडारा जिल्ह्यांत मोडत असे. गोंदिया जिल्हा निराळा झाला तो १ मे १९९९ रोजीं. आम्ही तरुणपणीं तेथें मुक्कामास राहिलों, तेव्हां विश्रामगृहांत वीज नव्हती. तळ्याच्या कांठीं अंधार पडला म्हणजे तो शहरांतल्यासारखा वरून उतरत नसे. झाडांच्या बुंध्यांमधून चालत येत असे. रातव्याचा एकसुरी आवाज सुरू होई. मध्येंच सांबर भेदरून ओरडे, आणि मग जी शांतता पसरे तींत कोणालाहि बोलवत नसे. सांबर कशाला भ्यालें हें आम्हांला कधींच दिसलें नाहीं. वाघ असेल, बिबळ्या असेल, कदाचित् वाळलेली फांदीहि असेल. प्रत्यक्ष वाघ आम्हीं पुढें दोनदां पाहिला. तो सुंदर होता. परंतु त्या ओरडण्याइतका मोठा नव्हता.

तोंडीं सांगितलेल्या गोष्टीला हाच लाभ मिळतो. सांगणारा मित्र लेखकानें केलेला अर्धा खुलासा विसरलेला असतो, उरलेला अर्धा त्याला नीट सांगतां येत नाहीं. शेकोटीभोंवतीं बसलेल्यांच्या हातीं केवळ प्रसंग येतो. पुस्तकाच्या लेखकाला असें विसरणें सोपें नाहीं. त्याला वाटतें, वाचक आपणांस जाब विचारील.

इंग्रजी वाङ्मयांत ह्या जाबाला भिणाऱ्यांची एक परंपराच आहे. ॲन रॅडक्लिफ बाईंनीं १७९४ सालीं 'मिस्टरीज ऑफ युडोल्फो' ही कादंबरी लिहिली. तींतील नायिका एका जुन्या गढींत भिंतीवरचा काळा पडदा उचलते, पलीकडचें कांहीं पाहते आणि मूर्च्छित होऊन पडते. पडद्याआड काय होतें? बाई शेंकडों पानें तें सांगत नाहींत, आणि त्या पानांत वाचकाचा जीव खालींवर होतो. शेवटीं त्या सांगतात कीं, ती मेणाची आकृति होती. आम्ही महाविद्यालयांत ही कादंबरी वाचली तेव्हां त्या जागीं पुस्तक मिटून खिन्न बसलों होतों. फसविलें गेल्याचा राग आला नाहीं. आपल्याजवळचें कांहीं काढून घेतल्यासारखें वाटलें.

याच्या उलट डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्स यांची १९०२ सालची 'मंकीज पॉ' ही गोष्ट घ्या. पुत्रशोकानें वेडी झालेली आई बापाला माकडाच्या वाळलेल्या पंजाकडे आपला मेलेला मुलगा परत मागावयास लावते. रात्रीं दार ठोठावलें जातें. ती अडसर काढावयास धांवते. इतक्यांत बाप शेवटची इच्छा उच्चारतो, आणि दार उघडतें तेव्हां बाहेर ओस रस्ता असतो. दाराशीं कोण उभें होतें तें जेकब्सनें सांगितलें नाहीं. आम्ही ही गोष्ट कितीतरी वर्षें वर्गांत शिकवीत आलों. दर वर्षीं कोणीतरी विद्यार्थी विचारतोच, "सर, खरोखर मुलगाच आला होता का?" आम्ही त्याला उलट विचारतों, "तुला काय वाटतें?" आणि त्या वेळीं वर्गांत जी शांतता होते ती आम्हांला नागझिऱ्याची आठवण देते.

अद्भुतकथेचेंहि असेंच आहे. टोल्किन यांनीं आपल्या कल्पित जगाचा इतिहास, भाषा, वंशावळी, नकाशे, सगळें रचून ठेविलें. भूगोलाच्या शिक्षकानेंहि मान डोलवावी इतकें. पण त्यांत टॉम बॉम्बाडिल नांवाचें एक पात्र असें आहे कीं, तें कोण, कोठून आलें, याचा त्या नकाशांत कोठेंहि ठिकाणा लागत नाहीं. १९५४ सालच्या एका पत्रांत टोल्किननीं कबूल केलें कीं, हें कोडें आपण जाणूनबुजून ठेविलें आहे. आम्हांला त्यांत मोठें शहाणपण दिसतें. ज्या जगांत सगळ्याच गोष्टींचा उलगडा झाला आहे, तें जग कोणीतरी बनविलेलें आहे हें लगेच ओळखूं येतें. आपल्या खऱ्या जगाची खूणच ही कीं, त्यांत कांहींतरी नेहमीं शिल्लक राहतें.

आमच्या मराठींत नारायण धारप हे या विषयांतले थोर नांव. त्यांचें शिक्षण विज्ञानाचें, आणि त्यांच्या कथांतून कार्यकारणाची शिस्तहि दिसते. त्यांचे 'समर्थ' वाचकांना फार प्रिय. कारण कितीहि भयंकर शक्ति समोर ठाकली तरी समर्थ तिचें मूळ ओळखतात आणि तिचा बंदोबस्त करतात. रात्रीं अकरा वाजतां त्यांची गोष्ट संपवून आम्ही निर्धास्त झोंपीं गेलों आहों. त्या सुखाला आम्ही नांवें ठेवीत नाहीं. परंतु भयकथेचें काम झोंप आणणें हेंच असेल, तर तिची गरज तरी काय?

येथपर्यंत आमचें व्याख्यान झालें तेव्हां पुतण्यानें जो प्रश्न टाकला त्यानें आम्ही खरोखरीच अडखळलों. तो म्हणाला, "काका, तुम्ही ह्याच जिल्ह्यांत राहतां ना? येथें लोक जादूटोणा मानतात. तुम्ही प्राध्यापक. तुम्हींच गूढ हें गूढच राहूं द्या म्हणूं लागलां, तर मांत्रिकांत आणि तुमच्यांत फरक काय?"

हा प्रश्न विनोदावारीं नेण्यासारखा नाहीं. जादूटोण्याच्या संशयावरून माणसांना मारहाण झाल्याच्या बातम्या आमच्या पूर्व विदर्भांतून अजून येतात. २०२१ सालीं चंद्रपूर जिल्ह्यांतील जिवती तालुक्यांत एका गांवीं वृद्ध स्त्रीपुरुषांना चौकांत बांधून मारण्यांत आलें. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनीं जन्मभर ज्या कायद्याचा आग्रह धरला, तो २०१३ सालीं झाला. पण त्याच वर्षीं २० ऑगस्टला त्यांचा पुण्यांत खून झाल्यानंतर. अशा प्रदेशांत बसून आम्ही गूढाची तरफदारी करावी काय? आम्हांला लगेच उत्तर सुचलें नाहीं. सुचली ती एक हकीकत, आणि ती आम्हीं मुलांना पूर्वीं कधीं सांगितली नव्हती.

आमचें बाळपण नवेगांवबांधाच्या बाजूस एका लहान गांवीं गेलें. हा सारा झाडीपट्टीचा मुलूख. जिकडे पाहावें तिकडे तलाव, बोड्या आणि धानाच्या बांध्या. आमचे वडील तेथें प्राथमिक शाळेंत शिक्षक होते. भूत नाहीं, चकवा नाहीं, करणी नाहीं, हें ते वर्गांत ठासून सांगत, आणि मुलांची भीति घालविण्यासाठीं त्यांना घेऊन रात्रीं मसणवटीवरून फिरून येत. १९७८ सालच्या पौषांत एके दिवशीं ते पगाराच्या कामासाठीं अर्जुनी मोरगांवास गेले. शेवटच्या मोटारीनें ते फाट्यावर उतरल्याचें पुढें कळलें. फाट्यापासून गांव अवघें दोन कोस, वाट रोजची, एका बाजूस तलावाची पाळ, दुसऱ्या बाजूस कापणी झालेल्या बांध्या. रात्रीं नवाला यावयाचे ते आले पहांटे.

आम्ही तेव्हां आठ वर्षांचे होतों. आईबरोबर आम्हीहि जागेच होतों. ते अंगणांत आले तेव्हां धोतर गुडघ्यापर्यंत चिखलानें भरलेलें होतें, आणि त्या दिवसांत तलावाच्या कांठाखेरीज कोठेंहि चिखल नव्हता. हातांत बॅटरी होती, ती विझलेली. रुमालांत बांधलेला पगार जसाच्या तसा होता. ओसरीवर बसून ते म्हणाले, "चकवा लागला होता." ज्या शब्दाला ते जन्मभर हंसले तोच शब्द त्यांच्या तोंडून निघाला. मग त्यांनीं तोंड फिरविलें. ते रडत होते हें आम्हीं पाहिलें, आणि पाहिल्याचें कोणाला सांगितलें नाहीं.

चकवा म्हणजे काय तें आमच्याकडच्या वाचकांना सांगावयास नको. रात्रीच्या वेळीं माणूस ओळखीच्या वाटेवर फिरत राहतो, त्याच त्या झाडापाशीं पुनः पुनः येतो, आणि उजाडेपर्यंत त्याची सुटका होत नाहीं.

सूर्य वर आला तशी माणसें जमूं लागलीं. त्यांत एक जाणता म्हणविणारा गृहस्थ होता. तो म्हणाला, "गुरुजी, हें आपोआप नाहीं होत जी. कोणीतरी केलंच आहे तुमाले." आणि त्यानें पाळीच्या खालीं खोपट्यांत एकट्या राहणाऱ्या एका विधवा बाईकडे बोट केलें. दोनचार माणसें उठून उभीं राहिलीं. हें सारें आम्हांला स्वच्छ आठवतें, कारण त्या बाईच्या परसांतलीं बोरें आम्ही कालच खाल्लीं होतीं.

तेव्हां वडील उठले. अंगावरचें धोतर तसेंच होतें. ते म्हणाले, "मला कोणीं कांहीं केलेलें नाहीं. मी वाट चुकलों. कशी चुकलों तें मला माहीत नाहीं." त्या गृहस्थानें पुनः कांहीं म्हणून पाहिलें. वडिलांनीं तेंच उत्तर दिलें, तिसऱ्यांदा विचारल्यावर तिसऱ्यांदा दिलें. गांवांत पत्र वाचण्यापासून जमिनीचा हिशेब करण्यापर्यंत जें तें गुरुजींना विचारावें अशी रीत होती. त्या गुरुजींनीं चारचौघांत 'माहीत नाहीं' म्हटलें, तें बहुधा पहिल्यानेंच. हळूहळू माणसें पांगलीं. ती बाई पुढें पुष्कळ वर्षें जगली आणि आपल्या खोपट्यांतच वारली.

पुतण्याच्या प्रश्नाचें उत्तर आम्हांला ह्या ठिकाणीं सांपडलें. त्या सकाळीं आमच्या अंगणांत ज्याच्यापाशीं गूढ शिल्लक नव्हतें असा एकच मनुष्य होता, आणि तो म्हणजे तो जाणता. त्याला सगळें ठाऊक होतें. कोणीं केलें, कसें केलें, आतां काय केलें पाहिजे. आम्ही समजतों कीं, अंधश्रद्धा ही गूढाच्या अतिरेकानें होते. वास्तविक ती गूढ न सोसल्यानें होते. मूल कां वारलें, गाय कां आटली, गुरुजींना वाट कां सांपडली नाहीं, हें कळत नाहीं ही अवस्था माणसाला सहन होत नाहीं; मग मिळेल तो खुलासा तो उचलतो, आणि त्या खुलाशाला बहुधा एखाद्या निराधार म्हातारीचें नांव असतें. शास्त्रज्ञ मात्र 'अद्याप माहीत नाहीं' असें म्हणून वर्षानुवर्षें थांबूं शकतो. कवि कीट्स यानें १८१७ सालीं आपल्या भावांना लिहिलेल्या एका पत्रांत, संशयांत आणि गूढांत न चडफडतां राहतां येणें हा थोर साहित्यिकाचा गुण म्हणून सांगितला आहे. आमच्या मतें तो थोर नागरिकाचाहि गुण आहे. चांगली भयकथा आपणांस ह्याच गोष्टीची संवय लावते. अंधारांत कांहीं आहे, तें काय आहे तें कळत नाहीं, आणि तरीहि कोणाच्या अंगावर धांवून न जातां घटकाभर स्वस्थ बसावयाचें, एवढेंच ती शिकविते. आणि तें थोडें नव्हे.

वडील २००८ सालीं वारले. त्या रात्रीविषयीं तीस वर्षांत ते एक अक्षरहि अधिक बोलले नाहींत. त्यांच्या मागें दुसऱ्या वर्षीं एक संशोधन आमच्या वाचनांत आलें. जर्मनींतील ट्युबिंगेन येथील माक्स प्लांक संस्थेच्या शास्त्रज्ञांनीं माणसांना दाट रानांत आणि सहारा वाळवंटांत सरळ चालावयास सांगितलें. सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोंवर तीं बरींच सरळ चाललीं. आकाश झांकोळलें, चंद्र लपला, कीं वळूं लागलीं, आणि रानांत तर आपलीच वाट पुनः ओलांडूनहि त्यांना तें कळलें नाहीं. डोळे बांधल्यावर तीं ज्या वर्तुळांत फिरत त्याचा व्यास कधीं कधीं २० मीटरांहूनहि कमी भरे. आम्ही आनंदित झालों. चकव्याचा उलगडा झाला! वडिलांचा त्यांत कांहीं कमकुवतपणा नव्हता; अमावास्येच्या सुमाराला, धुक्यांत, विझलेली बॅटरी हातीं असतांना, कोणाहि माणसाचे पाय असेच वळले असते.

आम्ही मोठ्या उत्साहानें हें आईला समजावून सांगितलें. तिनें सगळें लक्षपूर्वक ऐकलें. शेवटीं म्हणाली, "बरं झालं सांगितलंस. वाट कां चुकते तें कळलं. आतां ते कंदील कोणासाठीं लावायचे, तेंहि सांग."

ही गोष्ट आम्ही सांगावयाचें विसरलों. त्या पहांटेनंतर रोज सायंकाळीं वडील स्वतः कंदिलाची कांच पुसून, वात कापून, तो ओसरीवर तलावाच्या बाजूस टांगीत. गांवांत वीज आली तरी त्यांनीं तो सोडला नाहीं. आपल्यासारख्या चुकलेल्या वाटसरूला दिसावा म्हणून? शक्य आहे. त्या रात्रीं त्यांना दुसरें कोणी भेटलें होतें, जें अजून घरीं पोंचलें नव्हतें, म्हणून? तेंहि शक्य आहे. आईनें त्यांना कधीं विचारलें नाहीं. तीस वर्षें ती त्या कंदिलांत घासलेट भरीत आली.

वेताळपंचविशींतली एक गोष्ट आम्हांला अलीकडे निराळी वाटूं लागली आहे. विक्रमराजा प्रत्येक कोड्याचें अचूक उत्तर देतो, आणि उत्तर देतांच वेताळ त्याच्या खांद्यावरून निसटून पुनः झाडावर जाऊन लोंबकळतो. शेवटच्या कोड्याला राजापाशीं उत्तर नसतें. तो मुकाट्यानें चालत राहतो; आणि तेव्हांच वेताळ प्रसन्न होतो, निसटून जात नाहीं, उलट राजाला पुढच्या संकटाची सूचना देऊन त्याचा जीव वांचवितो. बाळपणीं आम्हांला वाटे, राजा शेवटीं हरला.

आमची हकीकत संपली तेव्हां रात्र बरीच झाली होती. भाचीनें विचारलें, "मग पुढें काय झालं?" तिला आम्हीं जें जें ठाऊक होतें तें सगळें सांगितलें, आई आतां आमच्याजवळ राहते, आणि तो कंदील तिच्या खोलींत आहे, हेंहि सांगितलें. पुतण्यानें विचारलें, "पण काका, तें होतं तरी काय?" आम्हीं त्याला वडिलांचेंच उत्तर दिलें. तें त्याला मुळींच पसंत पडलें नाहीं. यंत्रविद्येच्या विद्यार्थ्याला तें पसंत पडूंहि नये. तो आणखी पुष्कळ शोधो, आणि पुष्कळ त्याला सांपडो. मात्र झोंपावयास जातांना ओसरीवरचा दिवा मालवावयाचा राहिला होता, आणि तो मालवावयास त्या रात्रीं आमच्यांतलें कोणीच उठलें नाहीं.